जुने कंट्रोल किती उसने घ्यावेत? प्लॅटफॉर्म ट्रायलसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

प्लॅटफॉर्म ट्रायलच्या बैठकीत एक प्रसंग ठरलेला असतो. नवं औषध चाचणीत येऊन चार-पाच महिने झालेत, कंट्रोलमध्ये, म्हणजे नवं औषध न मिळणाऱ्या तुलनेच्या गटात, जेमतेम साठ-सत्तर रुग्ण जमलेत, आणि टेबलाच्या पलीकडून प्रश्न येतो, "आपल्याकडे मागच्या दोन वर्षांचे कंट्रोल पडून आहेत ना? ते का नाही घ्यायचे?" प्रश्न रास्त आहे. चाचणी तीच, प्रोटोकॉल तोच, फॉर्म तेच, हॉस्पिटलंही बहुतेक तीच. संख्याशास्त्रज्ञ "बायस येईल" एवढं पुटपुटतो, डॉक्टर "पण रुग्ण वाचतील ना" म्हणतात, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. बायस, म्हणजे निकालाला एका बाजूला झुकवणारी चूक, किती येईल आणि फायदा किती होईल, हे आकड्यात कोणी मांडत नाही. ते कसं मांडायचं, हे इथे सांगतो. कागद-पेन्सिल पुरेल, सॉफ्टवेअर नंतर.

आधी शब्द. प्लॅटफॉर्म ट्रायलमध्ये एकाच प्रोटोकॉलखाली अनेक औषधं तपासली जातात. ती वेगवेगळ्या वेळी आत येतात, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. कंट्रोलचा गट, म्हणजे कंट्रोल आर्म, मात्र सुरुवातीपासून चालू राहतो. ब हे औषध आत आल्यानंतर कंट्रोलमध्ये गेलेले रुग्ण ब-साठी समकालीन. त्याआधीचे बिगर-समकालीन, ज्यांना मी पुढे सरळ 'जुने कंट्रोल' म्हणेन. त्यांची माहिती वापरणं म्हणजे उसनवारी. उसनं घेतलं की व्याज आलं, आणि इथलं व्याज काही अटींच्या रूपात भरावं लागतं.

काळ काय करतो, याचा एक खरा नमुना

ब्रिटनमधली कोविडच्या रुग्णांवरची रिकव्हरी ट्रायल मार्च २०२० मध्ये सुरू झाली. जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल आला: २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारात २५.७ टक्के, स्टेरॉइड गटात २२.९ टक्के. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत तर ४१.४ विरुद्ध २९.३. निकाल जाहीर होताच स्टेरॉइड हाच तिथला नेहमीचा उपचार झाला. म्हणजे 'कंट्रोल' हा शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ बदलला.

त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब हे दुसरं औषध तपासलं गेलं, एप्रिल २०२० ते जानेवारी २०२१ या काळात, ४,११६ रुग्णांवर. त्यातले ८२ टक्के रुग्ण चाचणीत येताना स्टेरॉइडवर होते. मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. आता कल्पना करा, या तुलनेत कोणी २०२० च्या वसंतातले, स्टेरॉइड न मिळालेले कंट्रोल मिसळले असते तर? टोसिलिझुमॅबच्या खात्यावर स्टेरॉइडचंही पुण्य जमा झालं असतं. शिवाय टोसिलिझुमॅबचा फायदा मुख्यतः स्टेरॉइड घेणाऱ्यांतच दिसला. म्हणजे काळानुसार नुसता कंट्रोल बदलला नाही, औषधाचा परिणामही बदलला. हे दुसरं जास्त घातक असतं. ते का, हे चौथ्या पायरीत येईल.

पायरी १: 'समकालीन' म्हणजे कोण, हे आधी लिहून काढा

बहुतेक जण तारखेवर थांबतात. तारीख पुरेशी नाही. विचारायचा प्रश्न असा: हा कंट्रोल रुग्ण ज्या क्षणी रँडमाइझ झाला (चिठ्ठी टाकल्यासारखा गटात वाटला गेला), त्या क्षणी त्याला ब मिळण्याची शक्यता होती का? ती तीन कारणांनी नसू शकते. ब अजून आलंच नव्हतं. ब आलं होतं, पण त्या हॉस्पिटलात त्याचा साठा नव्हता. किंवा ब-च्या पात्रतेत तो बसत नव्हता, जसं की मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी या कोविड ट्रायलने हे नीट हाताळलं. ३० देश, ४०५ हॉस्पिटलं, आणि कुठे कोणतं औषध कधी उपलब्ध असेल याचा नेम नाही. भारतातल्या कामाचं समन्वयन पुण्याची आयसीएमआर-नारी ही संस्था करत होती. प्रत्येक औषधाची तुलना फक्त अशा कंट्रोलशी झाली, ज्यांना त्या वेळी, त्या ठिकाणी ते औषध मिळू शकलं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जून २०२० मध्ये थांबलं, लोपिनाविर जुलैमध्ये, इंटरफेरॉन ऑक्टोबरमध्ये. म्हणून प्रत्येकाचा कंट्रोल गट वेगळा, जरी त्यातले बरेच रुग्ण सामायिक होते.

तुमच्या डेटाबेसमध्ये त्यासाठी एक साधी सोय लागते. प्रत्येक रुग्णासमोर, रँडमायझेशनच्या क्षणी त्याच्यासाठी कोणकोणते आर्म खुले होते, याची नोंद. ती नंतर मागे जाऊन करायला बसाल तर डोकं फिरेल. रँडमायझेशनच्या सॉफ्टवेअरला पहिल्या दिवसापासून ती आपोआप साठवायला सांगा.

पायरी २: काळाची पट्टी काढा

आलेखाचा कागद घ्या. आडवा अक्ष काळाचा. प्रत्येक आर्मची एक आडवी पट्टी, आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत. मग जिथे कुठलाही आर्म येतो किंवा जातो तिथे उभी रेघ मारा. दोन रेघांमधला तुकडा म्हणजे एक कालखंड.

आणखी एका ठिकाणी रेघ मारावीच लागते, आणि तिथेच लोक विसरतात: वाटपाचं प्रमाण बदललं तिथे. आधी कंट्रोल आणि औषध एकास एक होते, नंतर औषधाकडे दोन आणि कंट्रोलकडे एक जाऊ लागला, आणि दरम्यान एकूणच मृत्यू कमी झाले, असं समजा. औषधाचे जास्त रुग्ण चांगल्या काळातले, कंट्रोलचे जास्त वाईट काळातले. एकही जुना कंट्रोल न घेता बायस घरात शिरला! रुग्णांचं वाटप निकालांनुसार बदलत राहणाऱ्या चाचण्यांत हा धोका कायम असतो.

पायरी ३: पूल मोजा

हा लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

सर्वांत सोपी चाचणी घ्या. पहिल्या कालखंडात कंट्रोल आणि औषध अ. दुसऱ्यात कंट्रोल, अ आणि नवीन ब. प्रत्येक आर्ममध्ये प्रत्येक कालखंडात १०० रुग्ण. आकडे काल्पनिक आहेत, पण गणित खरं:

पहिला कालखंड: कंट्रोलमध्ये मृत्यू ३० टक्के, अ-मध्ये २६ टक्के.
दुसरा कालखंड: कंट्रोल २५, अ २१, ब २५.

दुसऱ्या कालखंडात ब आणि कंट्रोल दोन्ही २५. ब निरुपयोगी आहे. आता जुने कंट्रोल नुसते मिसळा: ३० आणि २५ यांची सरासरी २७.५. लगेच ब अडीच टक्क्यांनी 'वाचवणारं' ठरलं. शंभर-शंभरच्या गटांत एवढा फरक योगायोगात विरून जाईल, म्हणून कोणाला खटकणार नाही. पण प्रत्येक गट २,००० चा करा. अडीच टक्क्यांची चूक तेवढीच राहते आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली योगायोगाची अनिश्चितता, १.२ टक्क्यांवर येते. चूक आता त्याच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणजे निरुपयोगी औषध 'लक्षणीय' ठरलं. रुग्ण वाढवल्याने अंदाज धारदार होतो, पण चुकीच्या जागी.

मग जुने कंट्रोल वापरायचे कसे? मधे पूल लागतो, आणि तो पूल म्हणजे अ. अ दोन्ही कालखंडांत होतं. त्याचे मृत्यू २६ वरून २१ वर आले, म्हणजे काळामुळे ५ टक्के कमी झाले असं समजू. तीच घट जुन्या कंट्रोलला लावा: ३० वजा ५, म्हणजे २५. जुन्या कंट्रोलनी अ-चा हात धरून आजच्या काळात येऊन दिलेली ही साक्ष आहे. ती दुसऱ्या कालखंडातल्या कंट्रोलच्या थेट आकड्याशी जुळते. दोन्ही साक्षी एकत्र करा.

एकत्र करताना वजन किती द्यायचं? थेट साक्ष १०० रुग्णांच्या एका आकड्यावर उभी आहे. फिरून आलेली साक्ष तीन आकड्यांवर उभी आहे (जुना कंट्रोल, जुना अ, नवा अ) आणि तिन्हींची अनिश्चितता तिच्यात जमा होते. म्हणून तिची अनिश्चितता तिप्पट, वजन एक तृतीयांश. हिशेब असा: १/१०० + १/१०० + १/१०० = ०.०३. उलटं केलं की ३३.

म्हणजे १०० जुने कंट्रोल हे ३३ नव्या कंट्रोलइतके. तुमच्या हातात कंट्रोल २०० नाहीत, १३३ आहेत. ब-च्या अंदाजाचा विश्वासांतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) साडेसहा टक्क्यांनी अरुंद होतो; नुसती मिसळ केली असती तर तेरा टक्क्यांहून जास्त झाला असता, आणि त्यातला अर्धा तरी खोटा दिलासा असता. मृत्यूदरासारख्या हो-नाही निकालांत हा हिशेब अंदाजे धरायचा, पण निर्णय घ्यायला तो पुरतो.

हा हिशेब बैठकीत फळ्यावर करून दाखवा. खोलीतला आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

आता आकडे बदलून पाहा. ब आल्यावर अ लवकरच बाहेर पडलं आणि दुसऱ्या कालखंडात अ-चे फक्त २० रुग्ण झाले, तर? १/१०० + १/१०० + १/२० = ०.०७. शंभर जुने कंट्रोल आता १४ रुग्णांच्या मोलाचे. बरं, जुने कंट्रोल १०० च्या जागी ४०० असले आणि जुना अ-सुद्धा ४०० असला तर? १/४०० + १/४०० + १/२० = ०.०५५. अठरा रुग्ण! चारशे जुने रुग्ण, आणि मोल अठराचं, कारण पुलाचा अलीकडचा खांब अजूनही वीस रुग्णांचाच आहे. "आमच्याकडे खूप जुना डेटा आहे" हे वाक्य म्हणूनच मला फारसं हलवत नाही. पुलावर किती रुग्ण आहेत, ते सांगा.

दोन पूल असतील, म्हणजे अ आणि ड दोन्ही शंभर-शंभरने दोन्ही कालखंडांत असतील, तर काळाच्या बदलाचा अंदाज दुप्पट पक्का होतो आणि १०० जुने कंट्रोल ५० नव्यांइतके ठरतात. आणि पूल मुळीच नसेल, म्हणजे ब आत येताक्षणी आधीची सगळी औषधं बाहेर गेली असतील, तर या मार्गाने जुन्या कंट्रोलचं मोल शून्य. ते वापरायचेच असतील तर "काळाने काही बदललं नाही" असं नुसतं मानावं लागेल.

या पायरीनंतर बऱ्याच चाचण्यांनी थांबायला हवं. समकालीन कंट्रोल ४०० असतील आणि उसनवारीतून २० मिळणार असतील, तर विषय मिटला. भरपूर रुग्ण वेगाने येणाऱ्या चाचणीत जुन्या कंट्रोलची हाव धरण्यात अर्थ नाही. ही हाव परवडते ती दुर्मिळ आजारांत, किंवा जिथे प्रत्येक रुग्णाला प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) देणं जड जातं तिथे.

पायरी ४: पूल कुठे मोडू शकतो

वरच्या हिशेबात एक गृहीतक गुपचूप आत आलं: काळाने अ-वर जेवढा परिणाम केला, तेवढाच कंट्रोलवर केला. संपूर्ण इमारत या एका खांबावर आहे. काळाचा कल कसाही असो, सरळ, वाकडा, एकदम पायरी पडलेला, तो सगळ्या आर्मना सारखा लागला तर हिशेब टिकतो. सारखा लागला नाही तर मोडतो.

मोडून पाहू. समजा अ हे औषध स्टेरॉइडसोबत जास्त चांगलं चालतं आणि दुसऱ्या कालखंडात स्टेरॉइड रूढ झालं. अ-चे मृत्यू २६ वरून २१ वर न थांबता १७ वर आले. पूल आता सांगतो की काळाने ९ टक्के घट केली. जुना कंट्रोल होतो ३० वजा ९, म्हणजे २१. थेट कंट्रोल २५ आहे. वजनं तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश, म्हणजे एकत्रित अंदाज २४. निरुपयोगी, पण निरुपद्रवी ब आता एक टक्का जीवघेणं दिसतं. अ-च्या यशाची शिक्षा ब-ला. टोसिलिझुमॅबचं उदाहरण आठवा. हे केवळ पाटीवरचं गणित नाही.

यात मोजपट्टीचा एक बारीक मुद्दा आहे. 'सारखा परिणाम' टक्क्यांच्या फरकात मोजायचा की ऑड्समध्ये (मरणारे भागिले वाचणारे)? कंट्रोल ३० वरून २५ वर आला, हे टक्क्यांत ५ ची घट. ऑड्सच्या भाषेत ती ०.७८ पट. तीच पट अ-च्या २६ टक्क्यांना लावली तर २१.५ येतात, २१ नाही. फरक इथे किरकोळ आहे, पण मृत्यूदर ६० वरून २० वर पडला असेल तर किरकोळ राहणार नाही. ज्या मोजपट्टीवर अंतिम मॉडेल बसवणार, तिच्यावरच गृहीतक तपासा.

मग गृहीतक खरं आहे की नाही, हे कसं ओळखायचं? काळ-आर्म यांची आंतरक्रिया, म्हणजे काळाचा परिणाम आर्मनुसार वेगळा आहे का, हे संख्याशास्त्रीय चाचणीने तपासता येतं, पण ती चाचणी बहुधा काहीच सापडलं नाही म्हणेल, कारण असे बदल पकडायला लागणारे रुग्ण आपल्याकडे नसतात. ते असते तर उसनवारीची वेळच आली नसती. "आधी चाचणी करू, फरक नाही आढळला तर मिसळू" हा मार्ग म्हणूनच फसवा आहे. त्यापेक्षा जुन्या पद्धतीची चौकशी बरी. ऐतिहासिक कंट्रोल कधी वापरावेत, याचे निकष पोकॉक यांनी १९७६ मध्येच मांडले होते: उपचार तोच, पात्रता तीच, मोजमापाची पद्धत तीच, रुग्णांची वैशिष्ट्यं तुलना करण्याजोगी, संस्था आणि संशोधक तेच, आणि निकाल वेगळे येतील असं मानायला इतर कारण नाही. प्लॅटफॉर्ममध्ये यातल्या अनेक अटी आपोआप पाळल्या जातात, हीच त्याची ताकद. उरलेल्या मात्र विचाराव्या लागतात.

माझी पद्धत अशी. वॉर्डात काम करणाऱ्या नर्स, निवासी डॉक्टर आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना एकच प्रश्न विचारायचा: "या दोन तारखांच्या दरम्यान काय काय बदललं?" उत्तरं वाचून संख्याशास्त्रज्ञाला घाम फुटतो. नवं किट आलं. आयसीयूतल्या खाटा वाढल्या. ग्रामीण भागातून आजार बळावल्यावर पाठवलेले रुग्ण जास्त येऊ लागले. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० ची लाट आणि एप्रिल २०२१ ची लाट या दोन्हींत काम केलेल्या कोणालाही विचारा, दोन्ही वेळचा 'ऑक्सिजनवरचा मध्यम रुग्ण' एकच होता का? प्रत्येक बदलासमोर दोन रकाने करा: हा बदल सगळ्या आर्मना सारखा लागेल का, आणि नसेल तर कोणाला जास्त?

प्लासिबोचाही प्रश्न असतो. ए.एल.एस. या मज्जातंतूंच्या आजारासाठी अमेरिकेत २०२० पासून चालणाऱ्या हीली प्लॅटफॉर्ममध्ये सुरुवातीच्या प्रत्येक औषधामागे साधारण १२० रुग्ण औषधावर आणि ४० प्लासिबोवर होते, आणि इतर औषधांचे प्लासिबो रुग्णही तुलनेत सामील होत. रुग्णांसाठी ही रचना दयाळू आहे: चारपैकी तिघांना औषध. पण एका औषधाचा प्लासिबो रोजचं इंजेक्शन, दुसऱ्याचा तोंडाने घ्यायचं द्रव. रोज टोचून घेणारा आणि औषध पिणारा, दोघांच्या अपेक्षा आणि चाचणी सोडण्याचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. काळ एक असूनही इथे कंट्रोल 'तोच' आहे का, हे तपासावं लागतं.

पायरी ५: पद्धत निवडा

फक्त समकालीन कंट्रोल. प्रोस्टेट कॅन्सरच्या स्टॅम्पीड ट्रायलने हाच रस्ता धरला. चाचणी २००५ पासून चालू असूनही, नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या ॲबिराटेरोनची तुलना जानेवारी २०१४ पर्यंतच्या त्याच्या सोबतच्या कंट्रोलशीच झाली: ९६० विरुद्ध ९५७. आधीच्या सहा वर्षांचे कंट्रोल बाजूला ठेवले. रुग्ण मिळत असतील तर याहून शहाणपणाचं काही नाही.

कालखंड घटक असलेलं रिग्रेशन. निकाल एका बाजूला, दुसऱ्या बाजूला आर्म आणि कालखंड, दोन्ही वर्गीय चल म्हणून. सगळ्या आर्मचा डेटा आत, फक्त कंट्रोल आणि ब नव्हे. नाहीतर पूलच गायब. वर हाताने केलेला हिशेब म्हणजे हेच मॉडेल. कोणत्याही संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत बसतं, आणि आर भाषेत तर खास याच कामासाठी एनसीसी नावाचं पॅकेज आहे. लॉजिस्टिक मॉडेलमध्ये वय, ऑक्सिजनची गरज अशी सुरुवातीची वैशिष्ट्यं जरूर घाला. त्याने रुग्णांच्या मिश्रणातला दिसणारा बदल भरून निघतो. न दिसणारा नाही.

बायेशियन 'टाइम मशीन'. काळाचे लहान तुकडे पाडायचे, आणि शेजारच्या तुकड्यांची पातळी एकमेकांपासून फार उडी मारणार नाही असं मॉडेलला सांगायचं. आयसीयूतल्या रुग्णांसाठीच्या रिमॅप-कॅपमध्ये दोन-दोन आठवड्यांचे तुकडे आहेत. तिच्या कोविड निकालात टोसिलिझुमॅबवर ३५३ रुग्ण, कंट्रोलमध्ये ४०२, आणि सॅरिलुमॅबवर अवघे ४८. इतक्या छोट्या आर्मबद्दल काही बोलायचं तर सगळा डेटा एका मॉडेलमध्ये बांधल्याशिवाय इलाज नव्हता. मात्र उपचारांत एका रात्रीत पायरी पडली, तर हे गुळगुळीत मॉडेल ती पायरी घासून टाकतं. मोठ्या बदलाच्या तारखेला तुकडा तोडा.

पॉवर प्रायर आणि मॅप प्रायर. यांत जुन्या कंट्रोलना सवलतीच्या वजनाने घेतात, किंवा जुना-नवा यांच्यातला विसंवाद वाढला की उसनवारी आपोआप आखडते. बाहेरच्या जुन्या चाचण्यांसाठी या पद्धती छान आहेत. प्लॅटफॉर्ममध्ये मी त्यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण त्या अ-चा पूल बघतच नाहीत. जुना कंट्रोल नव्यासारखा आहे का, एवढंच विचारतात. पूल नसेल तेव्हा हाच आधार उरतो. पूल असूनही तो डळमळीत वाटत असेल, तर दोन्ही पद्धती लावून पाहा. दोन्हींची गृहीतकं वेगळी असल्याने त्यांचं एकमत काहीतरी सांगतं.

नुसती मिसळ या यादीत नाही.

पायरी ६: सिम्युलेशन करा, आणि प्रामाणिकपणे करा

कागदावरचा हिशेब झाला की तो संगणकावर मोडून पाहायचा. निदान इतकी चित्रं हवीत: काळाने काहीच बदललं नाही, हळूहळू सरळ बदल, एका तारखेला पायरी, वर जाऊन खाली आलेला कल, आणि अ-ला वेगळा, कंट्रोलला वेगळा कल. शेवटचं चित्र टाळण्याचा मोह होतो, कारण त्यातच आपली लाडकी पद्धत पडते. तेच आधी करा. प्रत्येक चित्रात टाइप वन एरर (निरुपयोगी औषध उपयोगी ठरण्याची शक्यता), पॉवर (उपयोगी औषध पकडलं जाण्याची शक्यता), बायस आणि सरासरी वर्गचूक मोजा, तीही समकालीन तुलनेच्या शेजारी ठेवून. १०,००० फेऱ्या घेतल्या तर अडीच टक्क्यांच्या एररचा अंदाज ०.१६ टक्क्याच्या स्टँडर्ड एररने मिळतो, १,००० फेऱ्यांत तो अर्ध्या टक्क्यापर्यंत घसरतो, आणि "२.५ की ३.२" हा वाद सुटत नाही.

आर्मनी वेगवेगळा कल घेतला तर उसनवारी करणारी कोणतीही पद्धत टाइप वन एररची हमी देऊ शकत नाही. म्हणून ध्येय असं ठेवा: किती वेगळा कल झाला तर एरर किती वाढते, याचा तक्ता. मग डॉक्टरांना विचारा, एवढा वेगळा कल या आजारात संभवतो का?

पायरी ७: लिहून ठेवा, आणि डेटा पाहण्याआधी

जुन्या कंट्रोलची एक गोची आहे: ते आपण आधीच पाहिलेले असतात. अ-चा निकाल जाहीर झाला तेव्हाच कंट्रोलचा मृत्यूदर जगाला कळला. तो योगायोगाने जास्त निघाला असेल, तर ब-च्या चमूला उसनवारी एकदम आवडू लागते! म्हणून ब चाचणीत येतानाच, त्याच्या परिशिष्टात, पुढच्या गोष्टी पक्क्या करा: समकालीनची व्याख्या, कालखंडांच्या सीमा कशा ठरतील, किती जुन्या तारखेपर्यंत मागे जाणार, कोणतं मॉडेल, आणि मुख्य विश्लेषण कोणतं. भारतात चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतही हे दिसू द्या.

मुख्य विश्लेषण कोणतं असावं? औषधाला मान्यता मिळवायची असेल तर समकालीन. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने मास्टर प्रोटोकॉलविषयीच्या (प्लॅटफॉर्मसारख्या, एकाच छत्राखालच्या चाचण्यांविषयीच्या) डिसेंबर २०२३ च्या मसुद्यातही मुख्य तुलनेसाठी समकालीन कंट्रोलचीच बाजू घेतली आहे. जुन्या कंट्रोलसह केलेलं विश्लेषण मग पूरक म्हणून येतं. दुसऱ्या टप्प्यातल्या छोट्या चाचणीत, जिथे पुढे मोठी चाचणी होणारच आहे आणि प्रश्न फक्त "हे औषध पुढे न्यावं का" एवढाच आहे, तिथे मी उलट क्रमही मान्य करीन. तिथली चूक पुढे पकडली जाते.

पायरी ८: मांडणी

अहवालात दोन्ही अंदाज एकाच तक्त्यात शेजारी द्या, विश्वासांतरालासह. त्याखाली समकालीन कंट्रोल किती, जुने किती, आणि जुने किती नव्यांच्या मोलाचे ठरले, हे तिन्ही आकडे द्या. शेवटचा आकडा जवळजवळ कोणी देत नाही आणि वाचकाला तोच हवा असतो. सुरुवातीच्या वैशिष्ट्यांचा तक्ता आर्मनुसार तर असतोच, तो कालखंडानुसारही द्या. आणि कंट्रोलचा मृत्यूदर काळाबरोबर कसा सरकला, त्याची एक साधी रेघ.

दोन अंदाज वेगळे निघाले तर? घाबरू नका, आणि त्यातला आवडता निवडू नका. आधी पूल तपासा: फरक थेट कंट्रोल आणि फिरून आलेला कंट्रोल यांच्यातल्या तफावतीतून आला आहे का? आमच्या उदाहरणात ती तफावत २५ आणि २१ अशी होती. ती दिसली की अ-च्या डेटात जा, दुसऱ्या कालखंडात अ-सोबत आणखी काय दिलं जात होतं ते पाहा. बहुतेक वेळा उत्तर तिथे सापडतं, आणि अधूनमधून ते ब-पेक्षा अ-बद्दल काही नवं सांगून जातं.

डेटा सेफ्टी कमिटीत किंवा एथिक्स कमिटीत बसत असाल, तर एवढी सगळी उठाठेव तुम्ही करायची नाही. पट्टीचं चित्र मागवा, पुलावरच्या रुग्णांची संख्या मागवा, आणि चाचणीत काय कधी बदललं याची तारीखवार वही मागवा. वही नसेल, तर जुन्या कंट्रोलची चर्चा ती तयार होईपर्यंत पुढे ढकला.